असोच

काल संध्याकाळी पास्कूने मागच्या चाकाचे छर्रे बदलले.
जुने मुठीत हलवून म्हणाला,
"ह्येंनीच तुका वडल्यानी एवढी वर्सां."
मी ते शर्टाच्या खिशात टाकले. कशाला, माहीत नाही.

सकाळी साडेसहाला कट्ट्यातून निघालो
तेव्हा मतलई सुटलेली,
डोंगराकडून दर्याकडे जाणारी,
पाठीवर कोणी तळवा ठेवावा एवढीच.

पहिले दोन मैल मी नुसता कान देऊन होतो.
मडगार्ड गप्प. कॅरिअर गप्प.
सीटच्या स्प्रिंगा, त्या एरवी
वाडीभर माझी बातमी देतात, गप्प.
उजव्या गुडघ्यातली कटकटसुद्धा.
फक्त टायरखाली डांबर,
भाकरीवरून पाण्याचा हात फिरतो तसं.

चौक्याच्या अलीकडे काजूचा मोहर.
वासाला कड असते, ती चालणाऱ्याला कळत नाही,
गाडीवाल्याला तर नाहीच.
एका वळणाशी आत शिरलो, पुढल्या वळणाशी बाहेर,
मधली सात-आठ पायडलं गोड.

मी मालवण कोर्टाचा बेलिफ होतो.
एकतीस वर्षं ह्याच रस्त्याने समन्स वाटले.
बांधाचे दावे, वाटपाचे दावे,
एका फणसावरचं दोन पिढ्यांचं अपील
(फणस वाळवीने पडला, अपील उभं राहिलं).
ही घंटी ऐकली की
माणसं मागच्या दाराने माडात जायची.
कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत,
मालक घरात नाही असं तोंड करून बसायची.

तातू वायंगणकर खळ्यात तोंड धूत होता.
सायकल बघितली,
तांब्या तसाच ठेवून आत गेला.
मग दाराआडून:
"आता कोनाचा हाडलंस?"
"कोनाचा नाय, तातू. रिटायर झालंय मी."
"मगे खंय चललंस?"
"असोच."
"असोच म्हंजे?"
"असोच. सायकल मारूक."
बाहेर आला. माझी पिशवी चाचपली,
आत केळी आणि पंप.
मग हसला.
एकतीस वर्षांत त्याचे दात मी पाहिले नव्हते.
दोनच उरलेत.

कुंभारमाठचा उतार.
ह्याबद्दल मला नीट सांगता येणार नाही.
पायडल थांबवलं आणि फ्रीव्हील बोलू लागलं,
वरून सुपात तांदूळ सोडावेत तसं, न संपणारे तांदूळ.
ब्रेकवर दोन बोटं होती, तीही उचलली.
चष्म्याच्या कडेने पाणी कानापर्यंत गेलं.
वाऱ्याने. असंच नोंदवा, वाऱ्याने.
वळणावर मी कललो की ती आधी कलली?
पंचाला विचारावं, तर पंच नव्हता.
मग माडांच्या डोक्यावर निळी रेघ,
मग रेघेखाली बंदर,
आणि रापण ओढणारी माणसं, मुंगीएवढी, मागे मागे जाणारी.

धक्क्यावर उसळपाव खाल्ला. बसलो.
साडेदहाच्या सुमारास पाण्यावर एक सुरकुती आली.
खारा वारा. दर्याकडून डोंगराकडे.
नोकरीत हे कधी जमलं नाही.
जाताना नाहीतर येताना,
एका बाजूला निकाल विरुद्ध जायचाच,
सदरा फुगवून, मान खाली घालून तो भोगायचा.
आज वाऱ्याने दोन्ही पक्षांना जिंकवलं.

कुंभारमाठचा चढ मी उतरून न ढकलता चढलो.
(उतरलो. वडाजवळ. वीस पावलं.
शपथेवर लिहितोय तर खोटं कशाला.)
तातूच्या खळ्यात कोणी नव्हतं, तरी घंटी मारली,
आतून त्याने खोकून पोच दिली.

घरी आल्यावर छर्रे बशीत ओतले, मोजले.
अठरा होते, सतरा भरले.
एक त्या चढावर पडला असणार,
वडाजवळ, वाकलो तेव्हा.
म्हणजे तो अजून उतरतोय.